काचेवरची पेटी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. ऐकणाऱ्याला तो तोरा वाटतो. वाटू दे. ज्यांच्या घरात आजोबाही पदवीधर होते त्यांना ते सांगावं लागत नाही, मला लागतं.

बी.सी.ए. झाल्यावर नोकरी लागली तीही कोल्हापुरात, वाद्यं शिकवणारी ॲप्स बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आबांना, म्हणजे वडिलांना, हे काम काय आहे ते काही केल्या उमजेना.

"म्हंजे तू गाणं शिकवतीस?"

"न्हाय आबा. फोन शिकवतोय."

"मग तू काय करतीस?"

"कसं शिकवायचं ते आम्ही फोनला शिकवतो."

आबांनी तंबाखूची चिमूट मळत थोडा विचार केला. "मास्तराची मास्तरीण म्हण की मग." आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तेव्हा डेअरीवर सगळ्यांना तेच सांगून आले.

कंपनी म्हणजे राजारामपुरीत फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे कॉम्प्युटरवर. आतल्या खोलीच्या भिंतींना गादीवाल्याकडून करून घेतलेल्या कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. तिथं रेकॉर्डिंग चालायचं. पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून पंखा बंद. पेटी वाजवून दाखवणारे आमचे सर आत जाताना इस्त्रीच्या शर्टात जायचे आणि बाहेर यायचे ते रंकाळा तलावात बुडी मारून आल्यासारखे. त्यांचं सगळं घराणं लग्नाच्या बँडमधलं, चुलते क्लॅरिनेटवाले, भाऊ ट्रम्पेटवाला. हे एकटेच पेटीकडं वळलेले. "आमच्यात मीच एक बसून वाजवणारा, बाकी सगळे चालत," असं ते नव्या माणसाला हमखास ऐकवायचे.

ॲपचं काम असं होतं. शिकणाऱ्यानं फोन समोर ठेवायचा आणि आपली पेटी वाजवायची. फोन ऐकणार. सूर बरोबर लागला तर हिरवा ठिपका, चुकला तर लाल. सगळे हिरवे झाले की पुढचा धडा उघडणार. ॲपमध्ये दिसणारी मराठी वाक्यं मी लिहायची आणि अडलेल्या लोकांचे फोन घ्यायचे. तबला होता, बासरी होती, पण लोकांची उडी पेटीवर. गावोगावी भजनी मंडळं, त्यामुळं पेटी शिकायची हौस दांडगी.

आणि फोन यायचे ते सगळे एकाच रडगाण्याचे. हातकणंगल्याकडच्या एका गृहस्थांचा तर मला शब्दन् शब्द आठवतो.

"बाई, तुमचं ॲप बहिरं हाय का ओ?"

"काय झालं काका?"

"सा वाजवला की लाल. रे वाजवला की लाल. सगळा गावच लाल झालाय हितं."

"काका, तुमची पेटी एकदा सुरात लावून घ्यायला लागेल."

"कुणाच्या सुरात?"

"म्हणजे, जो ठरलेला सूर असतो त्या..."

"कुणी ठरिवला? ह्या पेटीवर माझा बा वाजवायचा आन् सगळं गाव गायचं. आता तुमच्या फोनासाठनं गावानं गळं बदलून घ्यायचं व्हय?"

फोन ठेवल्यावर आम्ही पोट धरून हसलो. खरं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. जुन्या पेटीचे सूर वर्षानुवर्षं सगळे मिळून थोडे थोडे सरकतात. एकमेकांशी त्यांचं जमतं, म्हणून गाणाऱ्यांना काही जाणवत नाही. फोनला जाणवतं. त्याच्या लेखी ती सगळी पेटीच चूक.

कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, बेंगळुरूची मोठी नोकरी सोडून गावाकडं आलेले. माणूस भला, पण तक्रार ऐकली की त्यांचा चेहरा उतरायचा. एका सोमवारी येऊन म्हणाले, आता फोननं ऐकायचंच नाही. पेटीच फोनमध्ये घालू. काचेवर पट्ट्या दिसतील, बोट टेकवलं की सूर येईल, आणि तो कायम बरोबरच येईल. ज्याच्या घरात पेटी नाही त्यालाही शिकता येईल.

हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पेटी काय घरोघरी असते? फोन असतो.

ऑफिसातल्या एका पोरानं विचारलं, "आणि भात्याचं काय?" पेटीत वारा भरायला मागचा भाता डाव्या हातानं हलवत राहावा लागतो, तो काचेत कुठून आणणार? सगळ्यांनी पेटीच्या सरांकडं पाहिलं. त्यांनी हात झटकला. "भाता शिकवायचा नसतोय रं. पोहायला शिकताना दम घ्यायला कोण शिकवतंय काय? आपोआप येतोय त्यो."

जाणत्या माणसानं सांगितलं, विषय संपला. काचेवरची पेटी तयार झाली. लाल ठिपके कमी झाले, तक्रारी बंद झाल्या, शिकणारे वाढले. साहेबांनी केक आणला.

आमचं गाव कागलच्या पुढं, हायवेपासून आत. शनिवारी संध्याकाळी मी वडापच्या जीपनं घरी जायचे. घरात आई, आबा, दादा आणि वैनी. वैनी गडहिंग्लजकडची, दहावी झालेली. पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी रीत म्हणून मला "वन्सं" म्हणणार आणि "तुम्ही" घालून बोलणार. आमच्यात भांडण कधी नव्हतं. माझ्या पदवीचा फोटो ओसरीवर लावला तेव्हा खिळा तिनंच ठोकला. पण फोटोखालून जाताना ती एकदाही वर बघायची नाही, हे मी पाहिलेलं.

वैनी गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायची. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात दिवेलागणीला भजन. पुढं म्हणणाऱ्या एक मावशी होत्या, वयानं सत्तरीच्या, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा भरीव. पेटीला गावातलेच एक आजोबा बसायचे. ते लेकाकडं पुण्याला कायमचे गेले आणि पेटी देवळातल्या पेटाऱ्यात पडून राहिली. पेटीविना काही गुरुवार रेटले. सुराला धरायला काही नाही म्हटल्यावर एक एक बाई गळायला लागली. बाहेरचा पेटीवाला बोलवावा असं कुणीतरी सुचवलं, तर मावशी उसळल्या, "आजवर बाप्याच्या मर्जीवर बसलो. त्यो आला की भजन, त्यो जेवायला उठला की बंद. आता आपल्यातलीच एखादी शिका की गं. हात मोडल्यात काय सगळ्यांचं?"

सगळ्या टाळ गोळा करायला लागल्या.

त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर वैनी चुलीपुढून उठून माझ्याजवळ आली.

"वन्सं, तुमचं ॲप अडाण्याला बी शिकवतंय का?"

"तू कुठं अडाणी? दहावी हाईस की."

"दहावीत पेटी नव्हती."

"शिकवतंय. अगदी पहिल्यापास्नं. कुणाला काय विचारायचीबी गरज न्हाय."

"मग मी शिकतो." मग आवाज आणखी खाली आणून, "पण कुणाला सांगू नगा. आलं तर देवळात जाऊन बसीन, न्हाय आलं तर हाय ते टाळ हायतच."

माझा जुना फोन मी तिला दिला.

ती शिकली. भात शिजेपर्यंत एक धडा, दूध तापेपर्यंत एक धडा. फोन जमिनीवर ठेवून त्याच्यापुढं मांडी घालून बसायची. पिठाची बोटं पदराला पुसायची, तरी काच कायम पांढुरकी. आई आधी कुरकुरली, "त्या फोनातनं काय दळण पडतंय का?" मग एक दिवस आईच निवडणं निवडता निवडता धड्यातल्या भजनाची चाल गुणगुणायला लागली. ऑफिसात मी वैनीचे धडे बघायचे. एवढ्या भराभर पुढं जाणारं आमच्याकडं दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी विचारलं, "ही कोण?" मी छाती फुगवून सांगितलं, "माझी वैनी."

दोन्ही हातांनी वाजवायची ती. खालचे सूर डाव्या हाताच्या बोटांनी, वरचे उजव्या. काचेवर कुठलाही हात चालतो. तिची बोटं अशी पळायची की बघत राहावं. मी बघत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांचा चेहरा परत उतरायला लागला. कंपनी चालायची ती बेंगळुरूच्या काही लोकांच्या पैशावर, आणि त्यांना आता काहीतरी दाखवायला हवं होतं. साहेब म्हणाले, "तुझ्या वहिनींचा व्हिडिओ करू. देवळात बसून पेटी वाजवणारी, घरात राहून आपल्या ॲपवर शिकलेली बाई. आपली सगळी गोष्ट तीच आहे."

वैनीनं एक दिवस मागून घेतला. दादाला विचारलं. दादा म्हणाला, "कर की. पेटीच हाय, ट्रॅक्टर चालवायला न्हाय सांगितलं." मग गुपित फुटलं. मावशी स्वतः आमच्या घरी आल्या आणि वैनीच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडून गेल्या. "बघा, म्हणत हुतो का न्हाय, आपल्यातलीच निघंल."

वैनीला एकच वाटत होतं. "वन्सं, आदी एकदा खऱ्या पेटीवर हात फिरवून बघितला असता तर बरं झालं असतं."

पण आमच्या देवळातली रीत अशी, की पेटी गुरुवारी नारळ फोडल्याशिवाय पेटाऱ्यातून निघत नाही. पुजारी म्हणाले, "गुरुवारी या, नारळ घेऊन." आणि साहेबांना तोच गुरुवार हवा होता.

मंडळाच्या बायका एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून आल्या. साहेब, कॅमेरावाला, मी, आणि गाडीत जागा होती म्हणून पेटीचे सरही. नारळ फुटला. पेटीवरचं फडकं निघालं, डांबरगोळ्यांचा वास देवळात भरला. वैनी बसली, पदर खोचला, दत्ताला नमस्कार केला आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून पहिला सूर दाबला.

काही वाजलं नाही.

"भाता, भाता," सर पुटपुटले.

"अगंबाई!" वैनी स्वतःलाच हसली. तिला काय माहीत नव्हतं थोडंच? लहानपणापासून पेटीवाले बघितलेले. डावा हात मागं नेला, भाता हलवला, आणि सूर आला. दुसरा आला. तिसरा सूर डाव्या हाताचा होता, आणि डावा हात भात्यावर.

ती थांबली. डावा हात पुढं आणला, सूर दाबला, वारा संपला. परत मागं नेला. अर्धी चाल तिच्या डाव्या हातात होती आणि तो हात आता तिचा राहिला नव्हता. उजव्या हातानं ती राहिलेले सूर शोधायला गेली तर बोटांना वाटच माहीत नाही. शिवाय काचेला बोट नुसतं टेकवायचं असतं. ती तशीच टेकवत होती आणि जुन्या पेटीच्या पट्ट्या दाबल्याशिवाय हलत नव्हत्या.

मावशींनी तिला सांभाळून घ्यावं म्हणून गायला सुरुवात केली. मावशींची सवय, पहिली ओळ आवडली की परत घ्यायची, परत परत घ्यायची, कधी पुढं जायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ॲपमधलं गाणं सरळ चालतं, मागं वळत नाही. वैनी दुसऱ्या ओळीवर गेली, मावशी पहिलीवरच.

"अगं, कुठं निघालीस? थांब की माझ्यासाठनं! गाडी चुकत्या का तुजी?"

सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं कुणीच हसत नव्हतं. एक धडधाकट बाई उठून पेटीपलीकडं बसली, "मी भाता मारतो, तू बोटं चालीव." तिनं भाता मारला तो औषध फवारायच्या पंपासारखा. पेटी एकदम किंचाळायची, एकदम मुकी व्हायची. आता बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. वैनीपण हसत होती. हसता हसता एका जागी तिचं थांबलं, आणि बाकीच्यांचं चालूच राहिलं. ते मला दिसलं.

साहेबांनी हात वर केला. "हरकत नाही, हरकत नाही. आपण बोटांचं जवळून घेऊ. वहिनी, भात्याचं राहू द्या. नुसती बोटं फिरवा, फोनवर फिरवता तशी."

तिनं फिरवली. न वाजणाऱ्या पेटीवर दोन्ही हातांची बोटं पळाली, अगदी बिनचूक.

दुसऱ्या दिवशी गाद्यांच्या खोलीत सरांनी तीच चाल वाजवली आणि ती व्हिडिओतल्या त्या बोटांखाली बसवली. मी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, हे खोटं आहे."

"जाहिरात आहे ती."

"जाहिरातीत साबणाचा फेस खोटा असतो. हे बाईचं नाव आहे गावातलं."

"तू व्हिडिओखालच्या ओळी लिहून देणार आहेस का नाही?"

"नाही."

दुसऱ्या कुणीतरी लिहिल्या. मी नोकरी सोडली नाही. कशाला सोडू? बोलायचं ते बोलले होते. सर चहा पिताना म्हणाले, "माझ्या वाजवण्याला पहिल्यांदाच बांगड्या भरलेलं हात मिळालं बघा." कुणी हसलं नाही. मग त्यांनीही कपात बघितलं.

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. ज्यांनी त्या गुरुवारी देवळात पाहिलं नव्हतं त्यांनी वाहवा केली, आणि पाहिलं होतं त्या बायकांनीही केली. आपल्या मंडळाची अब्रू म्हणून. वैनीनं तो चुलीपुढं बसून पाहिला. संपल्यावर परत लावला.

"हात माजं हायत," ती म्हणाली. "वाजवतंय कोण?"

"आमचे सर. त्या दिवशी आलते ते."

"चांगलं वाजवत्यात." आणि तिनं भाकरी थापायला घेतली.

तिथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण व्हिडिओ शेजारच्या गावात पोचला. तिथल्या मंडळींचा निरोप आला, नवरात्रात आमच्याकडं भजन करा, आणि तुमच्या त्या पेटीवाल्या बाईंना घेऊन या. मावशींनी कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. वैनीला म्हणाल्या, "अजून लई दिवस हायत. रोज बस. पुजाऱ्याला मी बघतो."

पुजाऱ्यांनी रीत मोडली नाही, वाढवली. रोज पेटी हवी तर रोज नारळ. वैनी रोज दुपारी देवळात जायची आणि आमच्या घरात रोज खोबरं यायचं. खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याचं वाटण, खोबऱ्याच्या वड्या. दादा म्हणायचा, "पेटी येऊ दे न्हायतर नगं, बायकू आचारी झाली." वैनी हसायची. सुट्टीदिवशी मी तिच्याबरोबर देवळात बसायचे. तिनं डावा हात रुमालानं भात्याला बांधून घेतला होता. तरी चालीत त्याची जागा आली की हात ओढ घ्यायचा, रुमाल ताणायचा, भाता चुकायचा. रात्री झोपेतसुद्धा तिची डावी बोटं हलतात, दादा म्हणाला. ते त्यानं चेष्टेत सांगितलं नाही.

मी सरांना गळ घातली. एका रविवारी ते मोटारसायकलवरनं आले. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.

"काय, येईल का?" मी विचारलं.

"पाटी कोरी असती तर चाल सहज बसवली असती. हे आदी पुसायला लागणार, मग लिवायला." वैनीकडं वळून म्हणाले, "ताई, सगळं सोडा. नुसता सा धरा आणि भाता सांभाळा. दुसरं काय नको."

भाता आपोआप येतो, हे त्या दिवशी ते बोलले नाहीत.

वैनी नुसता सा धरून बसायला लागली. देवळावरनं जाणारे येणारे थबकायचे. "काय ओ, पेटीवाल्या बाई, एकच सूर? बाकीचं फोनात ऱ्हायलं व्हय?" असं बोलून माणूस पुढं निघून जायचा. त्याचं काही जात नव्हतं. हळूहळू सा, रे, ग एवढं भात्यासकट यायला लागलं. मी म्हटलं, बघ, येतंय. ती म्हणाली, "व्हय, येतंय. नवरात्र बी येतंय."

बेंगळुरूच्या लोकांना व्हिडिओ फार आवडला. आवडल्याचं त्यांनी सविस्तर कळवलं आणि हात आखडता घेतला. भाद्रपद संपायच्या आत कंपनी बंद झाली. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, रडले नाहीत, पण चष्मा पुसत राहिले. भिंतीवरच्या गाद्या उतरवल्या तेव्हा मागं सगळीकडं बुरशी धरलेली. मी माझं सामान पिशवीत भरत होते तेव्हा वैनीचा फोन आला.

"वन्सं, नुसतं चाक फिरतंय. उघडतच न्हाय."

"आता उघडायचं न्हाय वैनी. कंपनी बंद झाली."



"मग मी केलेलं धडं?"

"गेले."

"आन् तुमी?"

"मी काय, मी बघीन दुसरं."

"बगा," ती म्हणाली. "तुमाला मिळंल. तुमी शिकलायसा."

घटस्थापनेच्या आधी ती स्वतः मावशींच्या घरी गेली. मी घरीच होते, तिनं मला बरोबर नेलं. दारातच सांगितलं, "मावशी, मला जमायचं न्हाय. दुसरं कोणतरी बगा."

"अगं, चार ओळी तरी वाजीव. सा, रे, ग येतंय म्हणत हुतीस. मागनं आमी आरडतोच की. कुणाला काय कळतंय?"

"त्यांनी फोनवर बगितलंय मावशी."

"मग?"

"बगितलं नसतं तर वाजवलं असतं. चुकलो असतो, तुमी हसला असता, पुढच्या गुरवारी परत बसलो असतो. आता त्या बाईला बगायला येणाऱ्यांच्या पुढं मी काय म्हणून बसू?"

  मावशींनी आत जाऊन आम्हा दोघींसाठी चहा टाकला. कुणीच नीट प्यायला नाही.

मंडळानं कागलहून एक पेटीवाला आणला. जांभळ्या साड्या टेम्पोत चढल्या. तिथं लोकांनी विचारलं तेव्हा मावशींनी सांगितलं, बाईंना बरं नाही. आता तोच माणूस दर गुरुवारी येतो. त्याची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, त्याच्या गळ्याची; बायकांना ती खाली पडते, मावशींचा भरीव आवाज नुसता पुटपुटल्यासारखा वाटतो. त्यानं तंबाखू खायला पेटी थांबवली की भजन थांबतं. पण मंडळ चालू आहे. बायका परत यायला लागल्या आहेत.

मी कागलला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते. पदवीचा फोटो ओसरीवर आहे, आणि कुणी आलं की मी अजूनही सांगते. ॲपबद्दल कुणी विचारलं तर ते वाईट होतं असं मी म्हणत नाही. ज्यांना फोनवर वाजवायचं होतं त्यांना ते येत होतं. सरांना मी एकदा पुन्हा विचारून पाहिलं, ते यायला तयार होते. वैनीला सांगितलं. ती म्हणाली, "आता नगं वन्सं." मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायचा मला धीर झाला नाही.

परवा गुरुवारी मावशी दारात आल्या. पेटीचं नाव काढलं नाही. "टाळ कमी पडत्यात गं," एवढंच म्हणाल्या.

वैनी गोठ्यातून बाहेर आली, हातात धुऊन ठेवायची चरवी. "मावशी, ह्या वक्ताला म्हशीची धार असत्या."

धार पाचला होते. भजन दिवेलागणीला असतं. हे आईला माहीत, मला माहीत, मावशींच्या गोठ्यात तर दोन म्हशी आहेत.  "बरं बाई," मावशी म्हणाल्या, आणि देवळाकडं चालायला लागल्या.